तटस्थ राष्ट्र आणि परक्यांचे युद्ध

'तटस्थ' हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. तट म्हणजे काठ. जो काठावर उभा आहे, प्रवाहात उतरलेला नाही, तो तटस्थ. परंतु आपल्या भागातील मन्याड किंवा गोदावरी ह्या नद्यांचा पूर ज्यांनी पाहिला आहे, त्यांस हेही ठाऊक आहे की, काठावर उभा असलेला मनुष्य नेहमीच सुरक्षित असतो असे नाही. पाणी काठाची माती आतून पोखरीत असते. आणि दरड कोसळली म्हणजे पाण्यात न उतरलेलाही पाण्यात सापडतो. राष्ट्रांच्या बाबतीतही असेच घडते. दोन बलाढ्य राष्ट्रांत युद्ध जुंपते; तिसरे म्हणते, "आमचा ह्यात काही संबंध नाही"; आणि वर्षा-दोन वर्षांत तेही त्या युद्धात गुंतलेले दिसते. हे कसे होते, ते एका जवळच्या उदाहरणावरून आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजावून द्यावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

तटस्थ राष्ट्र म्हटले की आपल्या मनात प्रथम स्वित्झर्लंड देश येतो. परंतु इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच एक तटस्थ प्रदेश होता, आणि तो म्हणजे गोवा. त्या वेळी आपले नायगाव व सारा मराठवाडा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता, आणि गोव्यावर पोर्तुगालचे राज्य होते. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो ह्यांनी हिंदुस्थान युद्धात सामील झाल्याचे जाहीर केले. त्यांनी हिंदुस्थानातील कोणत्याही लोकप्रतिनिधीस विचारले नाही. निजाम सरकारही इंग्रजांचे जुने दोस्त म्हणून त्यांच्याच बाजूस उभे राहिले. म्हणजे युद्धात पडावे की न पडावे, हा प्रश्न आपल्या वाडवडिलांपुढे कधी मांडलाच गेला नाही. गोव्यात मात्र निराळी स्थिती होती. पोर्तुगालने तटस्थता जाहीर केली असल्यामुळे गोव्याच्या हद्दीत पाऊल टाकताच युद्ध संपत असे. निदान कागदावर तरी संपत असे.

गोव्यातील मुरगाव हे फार उत्तम नैसर्गिक बंदर आहे. कॅसलरॉक व लोंढा ह्या मार्गाने त्यास आगगाडीने देशावरील मुलखाशी जोडलेले होते. समुद्रकिनारा नसलेल्या निजाम सरकारलाही ह्या बंदराचा मोह होता. १९४७–४८ च्या सुमारास मुरगाव आपल्या वापरासाठी मिळावे म्हणून त्या सरकारचे प्रयत्न चालले होते. ज्या बंदराकडे आपल्या राज्यकर्त्यांचे असे लक्ष होते, त्याच बंदरात तटस्थतेची खरी परीक्षा दोनदा झाली, एकदा पहिल्या महायुद्धात आणि एकदा दुसऱ्या महायुद्धात. दोन्ही वेळा प्रसंगाचे मूळ एकच होते, ते म्हणजे बंदरात आश्रयास आलेली जर्मन जहाजे. परंतु परिणाम मात्र अगदी भिन्न झाले. हा भेद का झाला, हे समजले म्हणजे आमच्या विषयाचे मर्म हाती लागेल.

प्रथम तटस्थतेचा कायदा थोडक्यात पाहू. १९०७ साली हॉलंडमधील हेग ह्या शहरी अनेक राष्ट्रांनी एकत्र बसून युद्धाचे नियम ठरविले. त्यांत तटस्थ राष्ट्रांचे हक्क व कर्तव्ये दोन्ही सांगितली आहेत. तटस्थ राष्ट्राच्या भूमीवर किंवा सागरी हद्दीत लढाई करण्याचा अधिकार कोणासही नाही, हा त्याचा हक्क होय. लढणाऱ्या राष्ट्राची लढाऊ जहाजे त्याच्या बंदरात आली, तर सामान्यतः २४ तासांहून अधिक काळ ती राहू नयेत. व्यापारी जहाजांस मात्र अशी मुदत नाही. लढणाऱ्या राष्ट्राने तटस्थाच्या बंदराचा आपल्या मोहिमांसाठी ठाणे म्हणून उपयोग करू नये, आणि तेथे लढाईच्या कामी बिनतारी संदेशयंत्र उभारू नये. ह्या नियमांचा भंग होऊ नये म्हणून आपल्या साधनांच्या मानाने देखरेख ठेवणे हे तटस्थाचे कर्तव्य होय. सारांश, तटस्थता म्हणजे हात जोडून स्वस्थ बसणे नव्हे. ती रात्रंदिवसाची राखण आहे; आणि ज्याच्याजवळ राखण करण्याचे बळ नाही, त्याची तटस्थता दुसऱ्यांच्या मर्जीवर अवलंबून राहते.

आता पहिल्या महायुद्धाकडे वळू. १९१४ साली युद्ध सुरू झाले तेव्हा पोर्तुगालने युद्ध पुकारले नाही. परंतु तटस्थताही स्पष्ट शब्दांत जाहीर केली नाही. त्याचे कारण एक फार जुना करार होय. इंग्लंड व पोर्तुगाल ह्यांची मैत्री १३७३ सालच्या तहाने जोडली गेली आणि १३८६ साली विंडसर येथे ती अधिक दृढ करण्यात आली. आपल्याकडे बहमनी सुलतानांची राजवट चालू होती, त्या काळातील हा तह. परंतु दोन्ही देश तो अजूनही जिवंत मानतात. पोर्तुगालपुढे दुसरी एक चिंता होती. आफ्रिकेतील त्याच्या अंगोला व मोझांबिक ह्या वसाहतींच्या शेजारी जर्मनांच्या वसाहती होत्या, आणि तेथे युद्ध पुकारले जाण्यापूर्वीच चकमकी होऊ लागल्या होत्या. म्हणजे घरी शांतता आणि शेताच्या बांधावर मारामारी, अशी त्या देशाची अवस्था होती.

युद्ध सुरू होताच समुद्रावर असलेल्या जर्मन व्यापारी जहाजांनी इंग्रजांच्या आरमारास भिऊन जवळच्या तटस्थ बंदरांचा आसरा घेतला. लिस्बन व पोर्तुगालच्या वसाहतींतील बंदरे मिळून अशी सुमारे ७० जहाजे अडकून पडली होती. त्यांतील काही मुरगाव येथेही होती. इकडे जर्मन पाणबुड्या इंग्रजांची जहाजे बुडवीत होत्या आणि इंग्लंडला मालवाहू जहाजांची अत्यंत निकड भासू लागली होती. तेव्हा इंग्लंडने त्या जुन्या तहाची आठवण देऊन पोर्तुगालला ती जहाजे ताब्यात घेण्याची विनंती केली. पोर्तुगालमधील सत्ताधारी पक्षासही आपल्या नव्या प्रजासत्ताकाची प्रतिष्ठा वाढवावी व वसाहती सांभाळाव्या, म्हणून युद्धात पडावेसे वाटत होतेच. २३ फेब्रुवारी १९१६ रोजी लिस्बनच्या बंदरात जहाजांवरील जर्मन निशाणे उतरविण्यात आली. वसाहतींतील जहाजेही पुढे ताब्यात घेण्यात आली. ९ मार्च १९१६ रोजी जर्मनीने पोर्तुगालविरुद्ध युद्ध पुकारले.

ह्या निर्णयाची किंमत कोणी दिली? १९१७ साली सुमारे ५५,००० पोर्तुगीज शिपाई फ्रान्सच्या भूमीवर पाठविण्यात आले. त्यांतील पुष्कळसे खेड्यांतील शेतकरी होते. आपण कोणासाठी लढतो आहोत हे त्यांतील अनेकांस सांगता आले नसते. ९ एप्रिल १९१८ रोजी लीस नदीच्या काठी जर्मनांनी त्यांच्यावर मोठा हल्ला चढविला. त्यात शेकडो मेले आणि हजारो कैद झाले. मोझांबिकमध्येही लढाई व रोगराई ह्यांनी कित्येकांचे बळी घेतले. घरी महागाई व अराजक माजले, आणि अखेर २८ मे १९२६ रोजी लष्कराने सत्ता हाती घेतली. पुढे ह्याच राजवटीतून सालाझार हे पुढे आले व १९३२ साली पंतप्रधान झाले. पहिल्या युद्धाने देशाची झालेली दुर्दशा त्यांनी पाहिली होती. म्हणून १९३९ साली दुसरे महायुद्ध पेटताच पोर्तुगालने तटस्थता जाहीर केली.

परंतु पुन्हा तीच जहाजे! तीच म्हणजे त्याच जातीची. १९३९ साली युद्धाच्या सुमारास 'एरेनफेल्स', 'ब्राउनफेल्स' व 'ड्राखेनफेल्स' ही तीन जर्मन व्यापारी जहाजे मुरगावच्या आश्रयास आली. पुढे इटलीही युद्धात उतरल्यावर 'अँफोरा' हे इटालियन जहाजही त्यांच्याबरोबर तेथेच अडकून राहिले. बाहेर समुद्रावर इंग्रजांचे आरमार. आत तटस्थ बंदराचे अभय. जहाजे नांगरावर गंजत होती आणि खलाशी किनाऱ्यावर फिरून दिवस कंठीत होते. अशी तीन वर्षांहून अधिक काळ लोटली. कायद्याप्रमाणे पाहिले तर ती व्यापारी जहाजे असल्याने त्यांस हाकलून देण्याचे पोर्तुगीज सरकारास कारण नव्हते.

येथे गोव्याची स्वतःची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. लिस्बनच्या कागदावर गोवा तटस्थ होता. परंतु त्याचे पोट कोणावर अवलंबून होते? त्याच्या तीन बाजूंस ब्रिटिश हिंदुस्थानचा मुलूख व त्याचा अंमल मानणारी संस्थाने होती. त्यास अन्नधान्य बाहेरून आणावे लागे. त्याची आगगाडी ब्रिटिश मुलखातून येई. मुंबईत नोकरी करणाऱ्या गोमंतकीयांच्या पगारातून घरी येणाऱ्या पैशांवर कित्येक कुटुंबांच्या चुली पेटत. हजारो गोमंतकीय तरुण इंग्रजांच्या आगबोटींवर खलाशी, आचारी व वाढपी म्हणून काम करीत होते. त्या आगबोटी पाणबुड्यांनी बुडविल्या तेव्हा ह्या तटस्थ प्रदेशातील माणसांनाही जलसमाधी मिळाली. युद्धाशी ज्याचा संबंध नाही असे म्हणावे, त्या सालसेत किंवा बारदेशातील घरीही त्याच युद्धाने वैधव्य आले. सुक्याबरोबर ओले जळते, ही आपली म्हण येथे किती अक्षरशः खरी ठरली पाहा.

१९४२ च्या अखेरीस हिंदी महासागरात दोस्त राष्ट्रांची जहाजे शत्रूच्या पाणबुड्यांना बळी पडत होती. इंग्रजांच्या गुप्त खात्याचा असा संशय होता की, 'एरेनफेल्स' जहाजावर गुप्त बिनतारी यंत्र असून त्यावरून जहाजांच्या ये-जा करण्याच्या बातम्या पाणबुड्यांस कळविल्या जातात. ह्या यंत्रामुळे खरोखर किती जहाजे बुडाली ह्याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. परंतु संशय खरा धरला, तर जर्मनांनी हेगच्या नियमाचा भंग केला होता, आणि तो रोखण्यास पोर्तुगीज सरकार असमर्थ किंवा नाखूश ठरले होते. तटस्थ राष्ट्र युद्धात ओढले जाते त्यातील हा फार महत्त्वाचा टप्पा आहे. एक पक्ष तटस्थाच्या घराचा आडोसा घेतो, दुसरा पक्ष म्हणतो, "तुला राखण करता येत नसेल, तर ती आम्ही करू." दोघेही घरधन्यास विचारीत नाहीत.

आता इंग्रजांपुढे पेच असा होता की, सैन्य किंवा आरमार पाठविले तर ते उघड उघड पोर्तुगालवर आक्रमण ठरणार. म्हणून त्यांनी एक विलक्षण युक्ती योजिली. कलकत्त्यात 'कलकत्ता लाइट हॉर्स' नावाचे स्वयंसेवकांचे एक घोडेस्वार पथक होते. त्यात व्यापारी पेढ्यांतील मध्यमवयीन गोरे गृहस्थ असत. लष्करी कवायतीपेक्षा खेळ व मेजवान्या ह्यांचीच त्यांस अधिक सवय. ह्या पथकातील व 'कलकत्ता स्कॉटिश' ह्या दुसऱ्या पथकातील मिळून सुमारे १८ माणसे निवडण्यात आली. गुप्त खात्यातील लुईस प्यू हे अधिकारी मोहिमेचे सूत्रधार होते. बंदरातील गाळ वाहून नेणारी 'फीबी' नावाची एक जुनी बोट कलकत्त्याहून किनाऱ्याकिनाऱ्याने कोचीनला आणली गेली, आणि ही मंडळी आगगाडीने तेथे जाऊन तीवर चढली. पकडली गेली असती, तर सरकारने त्यांची ओळखही दिली नसती.

९ मार्च १९४३ रोजी रात्रीच्या अंधारात 'फीबी' मुरगावच्या बंदरात शिरली. ते दिवस गोव्यातील कार्निव्हालचे होते, आणि उपवासकाळ सुरू होण्यापूर्वीच्या त्या उत्सवात किनाऱ्यावर गाणे-नाचणे चालले होते. मंडळींनी 'एरेनफेल्स'वर चढून यंत्राची खोली गाठली. झटापटीत त्या जहाजाचा कप्तान व काही खलाशी ठार झाले; हल्लेखोरांपैकी कोणी दगावले नाही. असा प्रसंग आलाच तर जहाज शत्रूच्या हाती लागू द्यावयाचे नाही, अशी जर्मनांची तयारी होती. त्यांनी जहाजास पाणी सोडले व आग लावली. ते पाहून इतर जहाजांवरील खलाशांनीही तेच केले. सकाळी मुरगावकरांनी पाहिले ते बंदरात जळणारी व बुडणारी चार जहाजे. 'फीबी' तोवर निघून गेली होती.

योगायोग असा की, १९१६ साली ज्या तारखेस जर्मनीने पोर्तुगालवर युद्ध पुकारले, त्याच ९ मार्च ह्या तारखेस सत्तावीस वर्षांनी हे घडले. ह्या वेळचे कृत्य पहिल्यापेक्षा अधिक गंभीर होते. त्या वेळी पोर्तुगालने आपल्याच बंदरातील जहाजे आपण ताब्यात घेतली होती; ह्या वेळी परक्यांनी तटस्थाच्या हद्दीत शिरून माणसे मारली होती. तरीही युद्ध पेटले नाही. खलाशांनीच जहाजे जाळली, अशी हकीकत प्रसृत झाली. त्या खलाशांस कैदेत टाकण्यात आले आणि प्रकरण दबले. कलकत्त्याचे गृहस्थ आपापल्या पेढ्यांवर परत गेले. १९७८ साली जेम्स लीझर ह्यांचे ह्या विषयावरील पुस्तक प्रसिद्ध झाले, तेव्हा कोठे सर्वसामान्य वाचकांस ही हकीकत कळली.

युद्ध का पेटले नाही? कारण ते कोणासच नको होते. इंग्रजांस पोर्तुगाल तटस्थ राहण्यातच सोय वाटत होती. पोर्तुगाल युद्धात पडला असता, तर शेजारच्या स्पेनमार्गे जर्मन सैन्य उतरण्याची भीती होती. जर्मनीसही पोर्तुगालची तटस्थता हवी होती, कारण तेथून तिला वोल्फ्रॅम हे खनिज मिळत होते. पोलाद कठीण करण्यासाठी व चिलखती गाड्या फोडणारे गोळे बनविण्यासाठी ते लागे. आणि सालाझार ह्यांस तर कोणत्याही किंमतीवर देश युद्धाबाहेर ठेवावयाचा होता. अपमान गिळणे हीही तटस्थतेची एक किंमत असते.

परंतु प्रत्येक वेळी अशीच सुटका होते असे समजू नये. १६ फेब्रुवारी १९४० रोजी नॉर्वे ह्या तटस्थ देशाच्या खाडीत 'आल्टमार्क' नावाचे जर्मन जहाज होते. त्यावर सुमारे ३०० इंग्रज खलाशी कैदी म्हणून कोंडलेले होते. इंग्रजांच्या लढाऊ जहाजाने खाडीत शिरून त्यांस सोडविले. नॉर्वेने निषेध केला. परंतु नॉर्वे आपली हद्द राखू शकत नाही, असे हिटलरचे मत त्या प्रसंगाने पक्के झाले. उत्तर स्वीडनमधील लोखंडाची कच्ची धातू नॉर्वेच्या नार्विक बंदरातून जर्मनीस जात असे. ते बंदर दोघांसही हवे होते. ९ एप्रिल १९४० रोजी जर्मन सैन्य नॉर्वेत उतरले. मुरगाव व नॉर्वे ह्या दोन्ही ठिकाणी घटना एकाच प्रकारची घडली. परंतु नॉर्वेचा किनारा दोघांस लढण्यासाठी हवा होता, आणि पोर्तुगालची शांतता दोघांस जगण्यासाठी हवी होती. घटना ही केवळ ठिणगी असते. दारू आधीच साठलेली असेल तरच भडका उडतो.

ह्याहूनही दुःखाची हकीकत पोर्तुगालच्याच दुसऱ्या एका वसाहतीची आहे. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेस तिमोर नावाचे बेट आहे. त्याचा पूर्वभाग पोर्तुगालकडे होता. गोव्याप्रमाणेच तोही तटस्थ. परंतु जपान युद्धात उतरताच, ते बेट जपान घेईल ह्या भीतीने १७ डिसेंबर १९४१ रोजी ऑस्ट्रेलियन व डच सैनिक तेथे उतरले. सालाझार ह्यांनी निषेध केला. तो कोणी ऐकिला नाही. १९ फेब्रुवारी १९४२ च्या रात्री जपानी फौजा उतरल्या. पुढील तीन वर्षांत लढाई, उपासमार व सूड ह्यांमुळे तेथील किमान ४०,००० लोक मृत्युमुखी पडल्याचे मानतात. त्यांच्या देशाने युद्ध पुकारले नव्हते. एकाच सरकारची, एकाच शब्दांत जाहीर झालेली तटस्थता. तिने लिस्बन वाचविले, मुरगाव थोडक्यात निभावले आणि तिमोरचा सत्यानाश झाला. नकाशावरील जागा बदलली की तटस्थतेची किंमत बदलते.

पुढे युद्धाचे पारडे दोस्त राष्ट्रांच्या बाजूस झुकले, तशी पोर्तुगालची तटस्थताही त्याच बाजूस कलू लागली. इंग्लंडने पुन्हा १३७३ च्या तहाचा हवाला दिला, आणि ऑक्टोबर १९४३ मध्ये अटलांटिक महासागरातील अझोर्स बेटांवर इंग्रजांस विमानतळ वापरण्याची मुभा मिळाली. जून १९४४ मध्ये जर्मनीस होणारी वोल्फ्रॅमची विक्रीही बंद झाली. दोन्ही डगरींवर हात ठेवून चालणाऱ्यास केव्हा ना केव्हा एक हात उचलावाच लागतो. तो आधी उचलला तर १९१६ ची गत होते, उशिरा उचलला तर १९४३–४४ प्रमाणे निभावते. पण हे गणित चुकले तर राष्ट्र बुडते.

आता ह्या साऱ्याचा सारांश काढू. तटस्थ राष्ट्र एका दिवसात किंवा एका घोषणेने युद्धात पडत नाही. युद्ध त्याच्या घरात गरजांच्या वाटेने शिरते. पहिली वाट व्यापाराची. तुमच्याजवळचा माल दोघांसही हवा असतो, आणि एकास विकले की दुसऱ्याचा रोष येतो. दुसरी वाट जागेची. तुमचे बंदर, तुमची खाडी, तुमचे बेट त्यांच्या मार्गात असते. तिसरी वाट जुन्या वचनाची. शांततेच्या काळी सहज दिलेला शब्द संकटाच्या काळी तगादा करीत येतो. चौथी वाट माणसांची. तुमचे लोक परक्यांच्या जहाजांवर व पेढ्यांवर पोट भरतात, आणि परक्यांचे हेर तुमच्या गावात राहतात. पाचवी वाट दुर्बलतेची. ज्या हद्दीची राखण तुमच्याने होत नाही, तिची राखण करण्याचे निमित्त दुसऱ्यास मिळते. ह्या पाच वाटा एकाच वेळी उघड्या पडल्या, आणि त्यातून आपल्याच राज्यकर्त्यांस युद्धाचा मोह पडला, की बाहेर राहणे जवळजवळ अशक्य होते.

कोणी विचारील की, अशी कष्टाची तटस्थता सांभाळावी तरी कशासाठी? आणि एक पक्ष उघड अन्याय करीत असता दोघांशीही व्यापार करणे, हे धर्माचे आहे काय? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. जर्मनीस वोल्फ्रॅम विकून मिळालेला पैसा निष्कलंक होता, असे आम्हांस म्हणवत नाही. परंतु तटस्थतेची दुसरी बाजूही मुरगावनेच दाखविली आहे. १९४३ च्याच ऑक्टोबर महिन्यात, बुडालेल्या जहाजांचे सांगाडे त्या परिसरात असताना, 'तेइया मारू' हे जपानी जहाज व 'ग्रिप्सहोम' हे स्वीडिश जहाज मुरगावास येऊन लागले. पहिल्यावर चीन वगैरे देशांत जपान्यांच्या हाती सापडलेले अमेरिकन व इतर नागरिक होते. दुसऱ्यावर अमेरिकेतून परत पाठविलेले जपानी होते. दोहोंकडील सुमारे दीड-दीड हजार माणसांची तेथे अदलाबदल झाली. त्यांत कित्येक मिशनरी कुटुंबे, शिक्षक, डॉक्टर, परिचारिका व लहान मुले होती. सर्व जगात आग लागली असता शत्रूंची माणसे एकमेकांसमोरून शस्त्रावाचून चालत जाऊन आपापल्या घरच्या वाटेस लागली. जेथे दोघेही विश्वासाने येऊ शकतील अशी जागा तटस्थाच्या भूमीवाचून कोठे मिळाली असती? आमच्या मते तटस्थतेची योग्यता ह्याच मापाने मोजावी. जी केवळ नफ्यासाठी असते, ती दुबळी व लाजिरवाणी. जी नियम दोघांस सारखे लावते आणि पीडितांसाठी दार उघडे ठेवते, ती आदरणीय.

आणखी एक गोष्ट सांगून लेख पुरा करतो. आमच्या भागातील लोकांस युद्धात पडण्याविषयी कोणी विचारले नाही, हे आरंभी सांगितले. परंतु गोमंतकीयांस तटस्थ राहण्याविषयी तरी कोणी विचारले होते? तिमोरच्या रहिवाशांस कोणी विचारले? फ्रान्समध्ये पाठविलेल्या पोर्तुगीज शेतकऱ्यांस कोणी विचारले? निर्णय दिल्लीत, लंडनमध्ये किंवा लिस्बनमध्ये झाले. किंमत मात्र गावोगावच्या घरांनी दिली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा स्वतंत्र भारतात आला. म्हणून आजच्या विद्यार्थ्याची स्थिती त्याच्या आजोबा-पणजोबांहून निराळी आहे. तो उद्याचा मतदार आहे. त्याचे सरकार युद्धाविषयी किंवा तटस्थतेविषयी जे ठरवील, त्याचा जाब विचारण्याचा त्यास अधिकार आहे. ज्यास अधिकार आहे त्याने समजून घेण्याचे कष्टही केले पाहिजेत.

तेव्हा विद्यार्थिमित्रहो, वर्तमानपत्रात दूरच्या एखाद्या युद्धाची बातमी वाचाल, आणि एखादा लहान देश "आम्ही तटस्थ आहोत" असे म्हणताना पाहाल, तेव्हा नकाशा उघडून बसा. त्या देशाचे बंदर कोठे आहे, त्याचे धान्य व तेल कोठून येते, तो काय विकतो, त्याने कोणास काय वचन दिले आहे, त्याची माणसे कोठे चाकरीस आहेत आणि त्याच्या हद्दीवर पहारा किती आहे, एवढे शोधून काढा. त्या देशाच्या घोषणेपेक्षा ही उत्तरेच तुम्हांस अधिक खरे सांगतील. आणि हाच अभ्यास एकदा आपल्या स्वतःच्या देशाविषयीही करून पाहा. पालकांनीही त्या वेळी मुलांजवळ बसावे, अशी आमची त्यांस विनंती आहे.